ब्यूटिअसलीच्या आधीचा श्वास

मी शब्दांचे अर्थ लिहिते. हे सांगितलं की काही जण लगेच एखादा अवघड शब्द विचारून माझी परीक्षा घेतात आणि काही जण म्हणतात, "अजून लिहायचे राहिलेत?" राहिलेत. आणि लिहून झालेत तेही कुणी वाचलेले नाहीत. माणसांच्या वागण्याचे अर्थ मात्र मी लावत नाही. तो उद्योग नातेवाइकांनी करावा, त्यांना वेळ असतो. इथे जे झालं ते झालं तसं सांगते.

आमच्या घरात एक बोलता शब्दकोश तयार होत होता. फोनवर इंग्रजी शब्दाला बोट लावलं की एक बाई तो शब्द म्हणून दाखवणार आणि पाठोपाठ मराठीत अर्थ सांगणार. अर्थ माझे. बाई म्हणजे माझी वहिनी. तिचा आवाज टिपायचा आणि साफसूफ करून प्रकाशकाकडे पाठवायचा, हे काम माझ्या दादाचं. घरातली मागची खोली त्याने त्यासाठी अडवली होती. चारी भिंतींना जुन्या रजया ठोकल्या होत्या आणि खिडकीवर सगळ्यात जाड रजई. पाहुणा आला की वहिनी ती खोली उघडून दाखवायची आणि म्हणायची, "थंडी भिंतींना वाजते आमच्याकडे."

दादाची साफसफाई म्हणजे काय ते सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. माणूस शब्द म्हणण्याआधी श्वास घेतो. ओठ सुटताना बारीक आवाज होतो. मग खोकला, हसू, "थांबा हं, परत घेते", "चहा गार झाला का माझा?" हे सगळं दादाच्या लेखी कचरा. तो कापायचा, शब्द धुतल्या तांदळासारखा करायचा आणि शनिवार आला की कापलेलं सगळं कायमचं पुसून टाकायचा. "कचरा घरात मुक्कामाला ठेवायचा नाही," म्हणायचा. वहिनी त्याला कात्री म्हणायची. "कात्री, जेवायला चला."

आणखी एक भानगड होती फ्रीजची. त्याची घरघर भिंतीतून आत यायची, म्हणून आवाज टिपायला बसलं की दादा फ्रीज बंद करायचा. परत लावायचं कामही त्याचंच होतं, आणि ते तो हटकून विसरायचा. "लोकांचं दूध उन्हाने नासतं, आमचं इंग्रजीने," वहिनी म्हणायची. शेवटचा शब्द म्हणून झाला की तिचं पुढचं वाक्य ठरलेलं असायचं: "अहो, फ्रीज लावा." तेही कचऱ्यात जायचं, ओघानेच.

वहिनीचा एक हट्ट होता. शब्द आधी घरात वापरल्याशिवाय ती माइकसमोर म्हणायची नाही. "न घातलेला कपडा विकायला मी काय दुकानदार आहे?" असं तिचं म्हणणं. हट्टाने या अर्थाचा ऑब्स्टिनेटली आला तेव्हा दादा प्लंबरला न बोलावता गळक्या नळाशी झटापट करत होता. ती दारात उभी राहिली, त्याच्याकडे बघून तो शब्द म्हणाली आणि तशीच तडक आत जाऊन तो टिपून आली. लुगूब्रिअस म्हणजे सदा सुतकी चेहऱ्याचा. तो तिने माझ्यावर वापरला. अर्थ मीच लिहिला होता, त्यामुळे मला तक्रार करायलाही जागा उरली नाही.

या हट्टापायी एक शब्द मात्र राहूनच गेला. ब्यूटिअसली. मी अर्थ दिला होता: सुंदर रीतीने, लावण्याने, काव्यातला शब्द. वहिनीने कागद परत माझ्यासमोर ठेवला.

"वन्सं," ती म्हणाली. नणंदेला हाक मारायचा हा जुना शब्द तिने कुठूनतरी उचलला होता आणि मला चिडवायलाच वापरायची. "लावण्याने कुणी काय करतं हो? लावण्याने भांडी घासतं? लावण्याने दात घासतं?"

"काव्यातला शब्द आहे. काव्यात भांडी नसतात."

"मग घरात वापरू कुठे?"

"नको वापरूस. म्हण आणि मोकळी हो."

"तुमचे दादा लावण्याने घोरतात, असं म्हणून टाकू?"

"म्हण."

पण म्हणाली नाही. खोटं वाक्य तिला चालायचं नाही, मग ते घोरण्याबद्दल का असेना. बी गेला, सी गेला, कोश पार शेवटाला पोचला तरी हा एक शब्द मागे राहिला. प्रकाशक अधूनमधून फोन करून विचारायचा आणि दादा म्हणायचा, "येतोय, येतोय."

आणि मग वहिनीचा घसा बसला. आधी सर्दी म्हणून, मग धूळ म्हणून, मग आम्हा दोघांशी बोलून बोलून म्हणून. डॉक्टरीणबाईंनी दुर्बीण घालून बघितलं आणि दार लावून घेतलं, तेव्हाच मला कळायचं ते कळलं. गाठ स्वरयंत्रात होती. स्वरयंत्र अख्खं काढायचं. मानेला पुढून एक भोक राहील आणि श्वास तिथून चालेल. तोंडाचा आणि नाकाचा श्वासाशी संबंध संपला. जीव वाचेल, आवाज जाईल.

"जीव वाचेल ना? मग झालं," दादा म्हणाला.

वहिनी काही बोलली नाही. वहिनी काही बोलली नाही, हे वाक्य मी तिच्याबद्दल त्याआधी कधी वापरलं नव्हतं.

डॉक्टरीणबाई भल्या होत्या. त्यांनी सांगितलं, हल्ली एक यंत्र मिळतं, पाटीएवढं. त्यात माणसाचा स्वतःचा आवाज भरून ठेवता येतो, मग बटण दाबलं की तोच आवाज बोलतो. "ऑपरेशनच्या आधी जमेल तेवढं बोलून ठेवा. घरात बोलता तसं, मोकळं."

दादा चक्क हसला. "अहो डॉक्टर, आवाजाची काय ददात? अख्खा शब्दकोश आहे आमच्याकडे हिच्या आवाजात. जगातल्या कुठल्याही बाईचा नसेल एवढा."

आणि मीही मान डोलावली. काखेत कळसा आहे म्हटल्यावर गावाला वळसा कोण घालतो? ज्या घरात आवाजाच्या राशी पडल्या आहेत त्या घरात आवाज वेगळा साठवावा, हे आमच्यापैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही. उरलेले दिवस आम्ही दवाखान्याची पिशवी भरण्यात आणि फोनवर नातेवाइकांना धीर देण्यात घालवले. हो, आम्हीच त्यांना. आजारपण आपल्या घरात आणि रडायची हौस त्यांच्या घरात.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी दुपारी वहिनी म्हणाली, "तो शब्द उरकून टाकू."

"मरू दे तो शब्द," दादा म्हणाला.

"नाही. अर्धवट काम ठेवून मी जाणार नाही." आवाज घोगरा झाला होता, पण हुकूम तोच होता.

दादाने फ्रीज बंद केला. तिघं मागच्या खोलीत गेलो. वहिनी माइकसमोर, मी कानांना हेडफोन लावून तिच्याशेजारी, दादा आवाज टिपायच्या यंत्राशी. त्याने बटण दाबलं. तेवढ्यात पलीकडच्या इमारतीत कुणीतरी भिंतीला ड्रिल लावलं. एरवी दादा बटण बंद करून वाट बघत बसला असता, पण आज वाट बघण्याइतका वेळ आहे असं कुणालाच वाटत नव्हतं. तो खिडकीशी गेला. रजईचा वरचा खिळा निसटला होता आणि तिथून आवाज आत येत होता.

"तुम्ही बोलत राहा, मी बघतो," तो म्हणाला.

"वन्सं, परत एकदा सांगा," वहिनी म्हणाली. "हा शब्द आला कुठून? अर्थ नको. अर्थ तुमचा तुमच्याकडे ठेवा. खानदान सांगा."

मी सांगितलं. लॅटिनमध्ये चांगल्याला एक शब्द होता. त्याचं लाडातलं, लहान रूप म्हणजे बेलस. चांगलंसं, चांगुलं म्हण हवं तर. हे रूप बायकांना आणि मुलांना लावायचे. बाप्यामाणसाला लावलं तर ती थट्टा. तिथून तो फ्रेंचांच्या घरी गेला आणि त्याचं सौंदर्य झालं. मग इंग्रजांकडे नांदायला आला. तिथे ब्यूटी झाला, पुढे ब्यूटिअस झाला, त्यालाही शेपूट लावून ब्यूटिअसली. आता कवी सोडून कुणी त्याला विचारत नाही.

"म्हणजे मुळात सुंदर नव्हताच. नुसता चांगला होता. लहानसा."

"हो. आपला चांगला म्हणे उलट्या वाटेने आला. आधी देखणा होता, मग गुणाचा झाला."

"मग लावण्य कशाला आणलंत मध्ये? एवढा साधा शब्द, त्याला दागिने घालून बसवलात."

"कोशात लिहायची एक रीत असते."

"रीत गेली खड्ड्यात." ती खोकली, बराच वेळ. मी पाणी दिलं. मग ती हसायला लागली. "अगं बाई, बघा तरी."

मी वळून बघितलं. खिळा काही लागत नव्हता, म्हणून दादा दोन्ही हात वर करून रजई खिडकीच्या चौकटीवर दाबून उभा होता. कपाळही रजईत रुतवलेलं, फट राहू नये म्हणून. शाळेत हात वर करून उभं करतात तसा. शर्ट पँटमधून बाहेर आलेला. पलीकडे ड्रिल चाललं होतं आणि हा ते अंगाने अडवत होता; माझ्या हेडफोनमध्ये ते येईनासं झालं होतं. आमचं बोलणं त्याला ऐकू जात नव्हतं.

वहिनी खूप वेळ त्याच्याकडे बघत राहिली. मग हळूच म्हणाली, "वन्सं, सापडला. वापरायला जागा सापडली. बघा कसे उभे आहेत."

तिने श्वास घेतला आणि म्हणाली, "ब्यूटिअसली." नंतर मराठीत: "सुंदर रीतीने. लावण्याने." आणि मला डोळा मारला.

एकदाच म्हणाली. मग मोठ्याने ओरडली, म्हणजे जेवढं ओरडता येत होतं तेवढं: "अहो, झालं! सोडा ती रजई! फ्रीज लावा आधी, दूध नासेल!"

दुसऱ्या दिवशी तिला आत नेलं.

ऑपरेशन नीट झालं. दवाखान्यात ती पांढऱ्या पाटीवर मार्करने लिहायची आणि बोटाने पुसायची. बोट सदा काळं. घरी आल्यावर दादाने ते पाटीएवढं बोलतं यंत्र पुढे ठेवलं. ती दवाखान्यात होती तेव्हा त्याने रात्रीचा दिवस करून कोशातल्या अर्थांमधले मराठी शब्द सुटे करून त्यात भरले होते, आणि आता लहान मुलासारखा तिच्या तोंडाकडे बघत होता.

"दाब," तो म्हणाला.

वहिनीने बटण दाबलं. यंत्र बोललं, "मला. पाणी. हवे. आहे."

आवाज वहिनीचाच होता, त्यात वाद नाही. पण कोशात प्रत्येक शब्द एकटा असतो. प्रत्येक शब्द ती संपवून म्हणायची, शेवटी आवाज खाली आणून, कारण पुढे दुसरा शब्द यायचाच नसतो. त्यामुळे प्रत्येक शब्दानंतर दार लावल्यासारखं वाटत होतं. मध्ये श्वास नाही, हसू नाही, अडखळणं नाही. दादाने दुसरं बटण दाबलं. "तुम्ही. जेवण. केले. काय." तिसरं. "मी. आनंदी. आहे."

वहिनीने पाटी ओढली आणि लिहिलं: ही बाई कोण?

दादा म्हणाला, "अगं तूच. तुझाच आवाज आहे."

तिने पुसलं आणि लिहिलं: मी नाही. बंद करा.

त्याने बंद केलं. मग तो मागच्या खोलीत गेला आणि दार लावून घेतलं. रजयांमुळे आतलं बाहेर ऐकू येत नाही, पण तो काय करत असणार हे मला माहीत होतं. माझा भाऊ आहे तो. तिचं सगळं बोलणं, सगळं हसणं, सगळ्या शिव्या त्याने वर्षानुवर्षं स्वतःच्या हाताने कापल्या होत्या आणि दर शनिवारी पुसल्या होत्या. उरली होती ती कोशातली बाई. मला त्याचा राग आला नाही. माझाही कोशच होता तो. वाईट वाटलं, इतकं की मी स्वयंपाकघरात जाऊन उगाच भांडी वाजवत बसले.

पुढे प्रकाशकाचा फोन आला. तब्येतीची चौकशी झाली, आणि मग हळूच, तो एक शब्द राहिलाय. दादा म्हणाला, पाठवतो. मागच्या खोलीतल्या यंत्राशी गेला, ती फाइल शोधून उघडली, आणि तिथेच थांबला. ऑपरेशनच्या धावपळीत शनिवार तसेच निघून गेले होते. आदल्या दुपारचं कापायचं राहिलं होतं.

त्याने आम्हा दोघींना हाक मारली. मी आणि वहिनी त्या खोलीत जाऊन बसलो. दादाने सुरू केलं.

आधी ड्रिल. मग "वन्सं, परत एकदा सांगा". मग माझं खानदान-पुराण, जे मला स्वतःला ऐकवत नव्हतं. "रीत गेली खड्ड्यात." खोकला. पाण्याचा घोट. हसू, तिचं ते नाकातून सुरू होऊन घशात अडकणारं हसू. वहिनी मांडीवर हात ठेवून ताठ बसली होती. हसू ऐकलं आणि तिचे खांदे हलायला लागले. ती हसत होती, आवाज न करता, यंत्रातल्या हसण्याबरोबर.

मग ते वाक्य आलं. "वन्सं, सापडला. वापरायला जागा सापडली. बघा कसे उभे आहेत."

दादाने हे कधी ऐकलंच नव्हतं. त्याचं डोकं तेव्हा रजईत होतं. त्याने माझ्याकडे बघितलं. "कोण उभं होतं?"

"तू," मी म्हणाले. "दुसरं कोण?"

यंत्रात वहिनीने श्वास घेतला, शब्द म्हणाली, अर्थ म्हणाली. दादाने तोंड फिरवलं. मग फ्रीज लावायचा हुकूम आला आणि फाइल संपली. वहिनीने पाटी घेतली नाही.

प्रकाशकाला शब्द पाठवला तो श्वासासकट. दुसऱ्याच दिवशी त्याच्याकडच्या माणसाचा फोन: शब्दाच्या आधी श्वास ऐकू येतोय, तेवढा काढून द्या.

"तो राहील," दादा म्हणाला.

"अहो, बाकी कुठे नाहीये. तुम्हीच तर सांगायचात, श्वास म्हणजे कचरा."

"चुकत होतो मी."

"असं कसं? नाहीतर हा एक शब्द दुसऱ्या बाईंकडून म्हणवून घेतो."

"मग तो शब्दच काढून टाका," दादा म्हणाला आणि फोन ठेवला. इतकं तोडून बोलताना मी त्याला पहिल्यांदाच बघितलं.

त्यांनी काढला नाही. इतक्या आडवळणी शब्दासाठी भांडायला कुणाला वेळ आहे? तुम्ही आज फोनवर तो शब्द शोधलात, जे तुम्ही करणार नाही, तर आधी एक बाई तोंडाने श्वास घेताना ऐकू येईल. तसा श्वास आता तिला घेता येत नाही.

बोलत्या यंत्रातली ती कोशातली बाई दादाने पुसून टाकली. तिच्या जागी त्या दुपारच्या फाइलमधलं वापरता येईल ते सगळं घातलं, न कापता. "वन्सं." "रीत गेली खड्ड्यात." "अगं बाई, बघा तरी." नुसतं हसू. आणि "फ्रीज लावा आधी, दूध नासेल!" बस्स, एवढंच. एवढ्यावर संसार चालवायचा. बाकी सगळं पाटीवर.

पण पाटीवर लिहून माणसाला दुसऱ्या खोलीतून हाक मारता येत नाही. त्यामुळे वहिनीने एक वाक्य सगळ्याला लावलं. चहा हवा असला, दुखत असलं, उशी सरकली, एकटं वाटलं, काही नुसतंच वाटलं, की ती ते बटण दाबते. आता मागच्या खोलीत कुणी काही टिपत नाही आणि फ्रीज कुणी बंद करत नाही.

"फ्रीज लावा आधी, दूध नासेल!"

"आलो, आलो," म्हणत दादा उठतो.